न उचललेला भंडारा

जोतीराम लवटेला खोटे बोलता येत नसे, आणि याचा त्याला मनातून अभिमान होता. पुढे जे घडले ते या अभिमानामुळे घडले, की त्याला बसलेल्या एका चपराकीमुळे, याचा विचार त्याने पुढे पुष्कळ वर्षे केला. हिवरतळच्या माणसांनी मात्र तो निवाडा एका सकाळीच करून टाकला होता.

हिवरतळ ही जतच्या वाटेवरची धनगरवाडी. पाऊस तिथे घाईतल्या पाहुण्यासारखा येतो आणि उंबऱ्यावरूनच माघारी फिरतो. शेती नावाला, खरा संसार मेंढरांवर. जोतीरामचा बाप अर्जुना लवटे दिवाळी झाली की कळप घेऊन पश्चिमेला उतरायचा, कृष्णाकाठच्या रानांत मेंढरे बसवत बसवत पार कोयनेच्या खोऱ्यापर्यंत जायचा आणि मृग जवळ आला की परतायचा. थोरला मुलगा हरिबा चालायला शिकला तो कळपामागेच. धाकट्या जोतीरामच्या डाव्या पायात मात्र जन्मापासून जोर नव्हता. जो कळपामागे चालू शकत नाही त्याचे करायचे काय, म्हणून त्याला शाळेत घातले. वाडीत कुणाला वाटे, पोरगा हुशार म्हणून शिकायला धाडला. तसे नव्हते, निकामी म्हणून धाडला होता. अर्जुना ते लपवतही नसे. "लंगडं कोकरू बाजारात कोन घेत न्हाई," तो पाहुण्यांदेखत म्हणायचा, "सरकारनं घेतलं तर बगू."

त्या वाडीत कागदाला किंमत नव्हती. किंमत होती भंडाऱ्याला. भंडारा म्हणजे बिरोबाच्या पायावरची हळद. वाद कसलाही असो, घोंगडी अंथरायची, मधोमध भंडाऱ्याची वाटी ठेवायची आणि ज्याच्यावर आळ असेल त्याने चिमूट उचलून बोलायचे. उचलून बोलला की विषय संपला. न उचलता हजार शब्द बोलला तरी ते वारा समजायचे. जोतीराम सात-आठ वर्षांचा असताना एका परगावच्या मेंढक्यावर कोकरू चोरल्याचा आळ आला. माणूस रडला, पाया पडला, पण भंडाऱ्याला हात लावेना. "उचलला न्हाई न्हवं? मग इचारायचं काय ऱ्हायलं?" अर्जुना म्हणाला, आणि त्या माणसाची घोंगडी वाडीबाहेर फेकली गेली. चार दिवसांनी कोकरू काटवनात जिवंत सापडले. तरी त्या माणसाला कुणी परत बोलावले नाही. तो भंडारा का उचलत नव्हता, हा प्रश्न एकट्या जोतीरामला पडला. त्याने तो बापाला विचारला आणि एक मुस्काटीत खाल्ली.

सदुसष्ट सालच्या थंडीत अर्जुनाचा कळप कोयनेच्या खोऱ्यात होता. वारा झोंबत होता म्हणून म्हातारा थोडी मेंढरे घेऊन एका पडक्या गोठ्याच्या भिंतीआड निजला. हरिबा उरलेला कळप राखत उघड्यावर राहिला. पहाटे जमीन हलली. भिंत पडली ती अर्जुनाला आणि त्या मेंढरांना घेऊनच. बाप जागीच गेला; मेंढरे गेली नव्हती. कंबरा मोडलेली ती जनावरे दगडांखालून माना वर काढून ओरडत होती. उजाडल्यावर हरिबाने विळा घेतला आणि एकेकीचा जीव स्वतःच्या हाताने सोडवला. त्या वेळी तो पंचविशीत होता.

जोतीराम कोल्हापूरच्या वसतिगृहातून आला तेव्हा हरिबा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. "तितली शानी शानी मानसं म्हनायची, ही काळ्या दगडाची भुई हाय, हितं धरनीकंप व्हायचाच न्हाई. समदी म्हनायची. पर ज्योत्या, त्यातल्या एकानं तरी भंडारा उचलला हुता का रं?"

बाराव्याला जोतीराम म्हणाला, "दादा, मी शिक्षण सोडतो."

"आन काय करतोस? मेंढरं तुला वळवतील व्हय?" हरिबा हसला. त्या दिवसांतले त्याचे ते एकच हसणे. "तू शीक. आबाचं बी मी राखतो."

आबाचं बी म्हणजे अर्जुनाने पोटच्या पोरांपेक्षा जास्त जिवाने जपलेला माडग्याळी मेंढ्यांचा वाण. उंच पायांच्या, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके असलेल्या आणि पोपटासारख्या बाकदार नाकाच्या त्या मेंढ्या पाहायला कर्नाटकातून माणसे येत. बहात्तरच्या दुष्काळात हिवरतळची विहीर आटली, माणसे खडी फोडायला गेली, पण हरिबाने आणि त्याची बायको हरणाबाईने तो वाण मरू दिला नाही. त्यांनी कळप पलूसला नानासोच्या उसाच्या रानात नेला. नानासो म्हणजे विहीर, ट्रक आणि जीभ, तिन्ही गोष्टी बाळगून असलेला बागायतदार. मेंढरांचे लेंडीखत त्याला हवे होते. त्याच्या मोबदल्यात तो उसाच्या शेंड्यांचे वाढे आणि पाणी द्यायचा, आणि हरणाबाईकडून घरची धुणीभांडी करून घ्यायचा. "बाई," तो म्हणायचा, "मेंढरांचं खत हुतंय, तुमचं काय हुतंय?" हरिबा हे ऐकून घ्यायचा. त्या उन्हाळ्यात हरणाबाईच्या पोटातले मूल गेले. कोकरे मात्र सगळी जगली.

त्या वर्षांत जोतीराम प्रबंध लिहीत होता. विषय असा होता की त्याचे नाव घेतले तरी लोक तोंडाकडे पाहत. प्रकाशालाही वजनाची ओढ लागते. फार दूरच्या एखाद्या तेजस्वी वस्तूचा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेत एखादी प्रचंड आकाशगंगा आडवी आली, तर तो प्रकाश तिच्या दोन्ही बाजूंनी वाकून येईल आणि आपल्याला एकाच वस्तूची दोन चित्रे दिसतील. त्या चित्रांमधल्या अंतरावरून मधल्या आकाशगंगेचे वजन काढता येईल, दोन्हींचा प्रकाश पोचण्याच्या वेळांतल्या फरकावरून विश्व किती वेगाने पसरते आहे याचा अंदाज बांधता येईल. हे सगळे गणितात होते. प्रत्यक्षात ते कुणी पाहिले नव्हते.

शहात्तर साली प्रबंध पुरा झाला, तेव्हा तो हरिबाला भेटायला पलूसच्या रानात गेला. दोघे बांधावर बसले होते. कळप चरत पुढे सरकत होता. वाटेत एक बाभूळ होती. कळप तिच्यापाशी दुभंगला, दोन्ही बाजूंनी वाहिला आणि पलीकडे पुन्हा एक झाला.

"दादा, हे बघ," जोतीराम म्हणाला, "आत्ता पलीकडून कुणी बघत आसंल तर त्याला दोन कळप येताना दिसलं आसतील. पन कळप एकच. माझं काम त्येच्यावरच हाय. कळपाच्या जागी उजेड, आन बाभळीच्या जागी लाखो-करोडो ताऱ्यांचं एक जाळं."

हरिबाने विचार केला. "दोन दिसतंय, पर हाय एकच?"

"व्हय."

"आमच्या धुळाबाला रोजच तसं दिसतंय. त्येला कोन पदवी देत न्हाई."

धुळा हा हिवरतळचा देवऋषी. देवापेक्षा बाटलीला जास्त वेळ देणारा. दोघेही पोटभर हसले. मग हरिबाने विचारले, "आन हे दिसतंय कवा?"

"कधीच न्हाई. येवढी नेमकी रांग लागायला पायजे, की ते मानसाला दिसायचं न्हाई. मी शेवटी तसं लिहिलंयसुद्धा."

"जे कधीच दिसनार न्हाई त्येच्यावर दहा वरसं घालवलीस?" हरिबाने भावाकडे कौतुकाने पाहिले. "लय मोटं काम आसनार मग."

प्रबंधातले ते शेवटचे वाक्य वाचून मार्गदर्शकांनी पेन्सिलीने एक 'कदाचित' घातला होता. जोतीरामने तो खोडून टाकला. आयुष्यात प्रथमच कुठल्या तरी गोष्टीविषयी त्याची खात्री पटली होती आणि त्या खात्रीची चव त्याला आवडली होती.

पुढे सांगलीच्या एका महाविद्यालयात त्याला अधिव्याख्याता म्हणून जागा मिळाली. लग्नाला तो नाही म्हणत राहिला. एका खोलीत, एका स्टोव्हवर, पुस्तकांच्या गराड्यात त्याचे ठीक चालले होते. विद्यार्थी त्याला पाठीमागे 'आभाळवाले सर' म्हणत. त्याचा पायही ते हुबेहूब करून दाखवत.

एकोणऐंशीचा जून संपत आला होता. जोतीराम अध्यापक-कक्षात शिरला तेव्हा विभागप्रमुख ताम्हनकर एक विलायती नियतकालिक उघडून बसले होते आणि बाकीचे चहा विसरून ऐकत होते.

"या, लवटे, या! तुमचीच वाट पाहत होतो. तुमच्या प्रबंधातले ते शेवटचे वाक्य जरा म्हणून दाखवा पाहू. नाही आठवत? मला आठवते. 'असे दृश्य मानवाला कधीच दिसणार नाही.' काय भाषा! वाचताना अंगावर काटा येतो."

जोतीराम उभाच राहिला.

"दिसले, लवटे. शेजारी शेजारी दोन ठिपके, दोघांचा प्रकाश जुळ्यांसारखा एकच. एकाच क्वासारची, तुमच्या त्या दूरच्या तेजस्वी वस्तूची, दोन चित्रे असावीत, म्हणतात. आकडेमोडही तुमच्यासारखीच आहे हो. फक्त त्यांनी वर पाहिले आणि तुम्ही खाली." ताम्हनकरांनी चष्मा पुसला. "मला एक समजावून सांगा. तुमच्याकडे 'कधीच' तीन वर्षांचा असतो का? आमच्याकडे जरा लांब असतो."

कक्ष हशाने भरून गेला. कुणीतरी म्हणाले, "त्यांच्याकडे मृगापासून दिवाळीपर्यंत. मग कळप हलतो." शिपायाने चहा पुढे केला तेव्हा आणखी कुणी म्हणाले, "एकच कप आहे, सर. दोन दिसले तरी एकच घ्या." जोतीरामने कप घेतला आणि बशीत सांडला.

ते नियतकालिक त्याने घरी नेऊन वाचले. त्यात चूक नव्हती. ज्या दृश्यासाठी त्याने दहा वर्षे झिजवली ते खरोखर आकाशात होते. त्याला आनंद व्हायला हवा होता. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर एकच शब्द ठळक अक्षरांत लिहिलेला होता: कधीच. त्याने तो पुसला. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा होता. मग त्याने पुसणे सोडले आणि उरलेल्या जागेत शिकवू लागला. त्या आठवड्यात त्याने मनाशी एक ठरवले: यापुढे 'होणार नाही' असे वाक्य आपल्या तोंडून निघायचे नाही.

आणि नेमके त्याच वेळी स्कायलॅब खाली येऊ लागली.

अमेरिकेने आकाशात सोडलेली ती अवाढव्य प्रयोगशाळा कक्षेतून ढळली होती आणि जुलैत कधीतरी कुठेतरी पडणार होती. कुठे, ते सोडणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. रेडिओ सांगत होता, घाबरू नका. आणि रेडिओ घाबरू नका म्हणतो म्हणूनच लोक घाबरत होते. आखाड लागला होता. गावोगाव माणसे कोंबड्या-बकरी कापून खात होती, उद्याचे उद्या म्हणत होती. हिवरतळकडच्या एस.टी.च्या वाहकाने जोतीरामला निरोप दिला: हरिबाने बोलावले आहे, येऊन सांगून जा.

तो रविवारी सकाळी पोचला. बिरोबाच्या देवळापुढे हिवराच्या सावलीत सगळी वाडी बसली होती. पलीकडे वाटेवर नानासोचा रिकामा ट्रक उभा होता. दोन दिवस तो या माळावर फिरत होता आणि मिळेल त्या भावात कळप उचलत होता. धुळा देवऋषी आज चक्क शुद्धीवर होता. घोंगडी अंथरलेली होती आणि तिच्या मधोमध पितळी वाटी होती. ती वाटी पाहताच जोतीराम घोंगडीच्या काठाशीच थांबला.

"ये, ज्योत्या. बस," हरिबा म्हणाला. त्याने भावाचा हात धरून त्याला घोंगडीवर बसवले, अधू पाय नीट सरळ करून दिला. "ही समदी म्हनत्यात, हरिबाचा भाऊ आभाळाचं शिकलाय, त्यो म्हनल तसं करायचं. सांग आता. हितं पडतंय का न्हाई?"

"दादा, पडण्याची भीती जवळजवळ न्हाईच."

"जवळजवळ म्हंजी?"

"म्हंजी... पृथ्वी लय मोठी हाय. त्यातलं हे गाव म्हंजी वाळवंटातला कण. त्या कणावरच येऊन पडायची शक्यता..." तो थांबला. "न्हाई असंच धरून चाल."

"ह्यो धरून चाल म्हनतोय," धुळा म्हणाला. "कोयनेचे सायब बी धरूनच चालत हुते."

हरिबाने वाटी पुढे सरकवली. त्याचा आवाज खाली आला. "ज्योत्या, मला मराची भीती न्हाई. पर आभाळातनं लोखंड पडलं आन मेंढरं अर्धी मेली, तर? मी येकदा इळा चालवलाय. परत माज्या हातनं व्हायचं न्हाई. तुला ठावं हाय. तू येक चिमूट उचल आन म्हन, हितं पडनार न्हाई. मी जाऊन निवांत झोपतो. ही बी समदी झोपतील. येक चिमूट."

जोतीरामला सगळे ठाऊक होते. उचलला तर काय होईल आणि न उचलला तर त्याचा अर्थ काय लावतील, हे त्या जमलेल्यांत त्याच्याइतके स्पष्ट कुणालाच दिसत नव्हते. परगावच्या त्या मेंढक्याची घोंगडी त्याने धुळीत पडताना पाहिली होती. उचलायचे होते फक्त बोटाच्या पेरात मावेल एवढे पिवळे. पण त्याच्या डोक्यात गणित चालू झाले होते. ती कक्षा या माळावरून जात होती. शक्यता नगण्य होती, शून्य नव्हती. आणि नगण्य गोष्टीला 'कधीच' म्हणण्याची किंमत फळ्यावर पांढऱ्या खडूने लिहिलेली त्याला दिसत होती.

"दादा, मी सांगतो त्यावर विश्वास ठेव. शपथेवर सांगण्याची ही गोष्ट न्हाई."

मागे बायकांत एक म्हातारी हळूच रडू लागली. धुळाने घोंगडीवरून पाय काढला आणि तो उठला.

तेवढ्यात ट्रकाला टेकून उभा असलेला नानासो पुढे आला. "काय झालं गड्यांनो? उचलंना व्हय तुमचं सर? आवं, शिकलेल्या मानसाचे हात मऊ आसत्यात, त्यास्नी हळद झोंबती." त्याने घागरीतल्या पाण्याने हात धुतले, घोंगडीपाशी उकिडवा बसला आणि दोन बोटांनी भली चिमूट उचलून कपाळाला लावली. "ह्यो उचलला. बिरोबाची आन, पलूसला माज्या रानात पडनार न्हाई. तिकडं किस्नामाई हाय. असलं लोखंड पडतंय ते माळावर. उसात कुटलं पडाय? आता बोला, कुनाची मेंढरं वाचवायची हायती?"

जोतीराम ओरडला, "दादा, हा खोटं बोलतोय! त्याला काहीएक ठाऊक न्हाई!"

"आसंल," हरिबा म्हणाला. "पर त्येनं उचललाय."

"तर मग राखायला दे त्येच्याकडं. इकू नको."

नानासो हसला. "बुडत्याची राखोळी कोन घेतं हो सर? इकत देत आसला तर ट्रकात चढवा. न्हाईतर मी चाललो, लय वाड्या बाकी हायत्या."

हरिबाने पुन्हा एकदा भावाकडे पाहिले. वाटी उचलून त्याने ती जोतीरामच्या छातीपाशी धरली. "आजून बी उचल. मी देत न्हाई. आबाचं बी हाय, ज्योत्या."

जोतीरामचा हात पुढे झाला. सगळ्यांनी ते पाहिले. अर्ध्या वाटेवर तो थांबला आणि कापू लागला.

"कापाय लागला!" धुळा ओरडला. "गड्यांनो, हात कापाय लागला! ह्येला ठावं हाय, पडतंय ते! भावाला सांगवंना म्हनून गप बसलाय!"

त्यानंतर जे झाले त्याला वेळ लागला नाही. माणसे उठून आपापल्या वाघरींकडे, मेंढरे कोंडलेल्या जाळ्यांकडे, पळाली. हरणाबाईने मेंढरांना ट्रकाकडे हाकले. ती चढेनात. मग हरिबाने म्होरक्या मेंढीला, ठिपक्यांच्या मोरीला, उचलून आधी फळीवर ठेवले. ती चढली तशा बाकीच्या तिच्यामागे गेल्या. जोतीराम घोंगडीवर तसाच बसून होता. एकट्याला उठता येत नव्हते आणि हात द्यायला कुणी आले नाही.

स्कायलॅब बुधवारी पडली. काही तुकडे समुद्रात गेले, काही ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात. एकाही माणसाला खरचटले नाही. अध्यापक-कक्षात पेढे वाटले गेले. जोतीरामने एक पेढा खिशात घातला, ते वर्तमानपत्र घेतले आणि त्या रविवारी तो हिवरतळला गेला.

वाडीत पहिल्यांदा जाणवली ती शांतता. वाघर गुंडाळून कुडाला टांगलेली होती. हरणाबाईने त्याला पाहिले, आत गेली आणि शेजारच्या शाळेतून एक लाकडी खुर्ची मागून आणली. जन्मलेल्या घरात त्याला प्रथमच घोंगडीऐवजी खुर्ची मिळाली.

"बसा भावजी."

"वैनी, दादा कुठं हाय?"

"पलूसला. नानासोला मेंढरं राखाया मानूस पायजे हुता." तिने वर्तमानपत्राकडे पाहिले. "कुटं पडलं म्हनं?"

"ऑस्ट्रेलियात. रिकाम्या माळावर."

"म्हंजी नानासो खरं बोलला. माळावरच पडलं. उसात न्हाई."

त्याने खिशातला पेढा काढला, चुरा झालेला. तिने तो घेतला आणि त्याच्यादेखत दारातल्या कोंबडीपुढे टाकला. "येवडी येकच ऱ्हायलीया," ती म्हणाली. "तिला बी कळू दे, आभाळ न्हाई पडलं."

जोतीराम कॉलेजात शिकवत राहिला. आकाशातल्या त्या जोडचित्रांवर जगभर शोधनिबंध निघू लागले. त्याचेही दोन निघाले. नेमके, सावध, प्रत्येक विधानाला 'संभवतः' लावलेले. ताम्हनकरांनी त्यांचे कौतुक केले. "आता तुम्ही खरे शास्त्रज्ञ झालात," ते म्हणाले.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात तो एकदा पलूसला गेला. पगारातून आणि प्रॉव्हिडंट फंडातून जे निघाले ते सगळे घेऊन गेला होता. नानासो ओसरीवर पान लावत होता.

"मेंढरं परत? छे, छे. वाण लय चांगला निगाला सर. कोकरं बी झाली. आन मानूस बी चांगला मिळालाय. कधी झोपत न्हाई बगा, रात रात आभाळाकडं बगत बसतो." त्याने पान तोंडात टाकले. "आमी पोरांना सांगतो, बगा, येकाच घरात दोन आभाळवाले."

हरिबा उसाच्या तोडलेल्या रानात होता. वाळला होता. दुरून लंगडत येणाऱ्या भावाला त्याने ओळखले. डोक्यावरचे घोंगडे सारखे केले आणि परक्या माणसासाठी उभे राहतात तसा उभा राहिला.

"दादा," जोतीराम म्हणाला. पुढचे शब्द त्याने वाटभर जुळवले होते; त्यातला एकही आला नाही. "दादा, मी चुकलो. मी उचलायला पायजे हुता."

"तसं कसं सर," हरिबा शांतपणे म्हणाला. "तुमाला खात्री नव्हती. खात्री नसताना कशाला उचलायचा?" त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. "ते तुमचं, दोन कळपांचं. कधीच दिसनार न्हाई म्हनला हुतासा. ते दिसलं म्हनं?"

"तुला कुनी सांगितलं?"

"नानासो वाचून दावत हुता पेपरातनं. मोठ्ठ्यानं." हरिबाने मान हलवली. "तवा मला कळलं. तुमी न्हाई म्हनलासा की ते हुतंय, आन न्हाई म्हनाया कचरलासा की हुत न्हाई. आमी खुळं. तुमाला इचारायचं आन उलटं करायचं, येवढंच करायचं हुतं."

तो टोमणा होता की त्याला खरोखरच तसे वाटत होते, हे त्याच्या तोंडावरून समजत नव्हते. जोतीरामने पाकीट पुढे केले. हरिबाने त्याकडे पाहिलेही नाही. ऊन कलत होते. कळप हलवायची वेळ झाली होती. त्याने जिभेने तो जुना आवाज काढला, बापाचा. रानात पसरलेली मेंढरे माना उचलून एकवटली आणि मोरीच्या मागे वाटेला लागली. जोतीराम वाटेच्या मधोमध उभा होता.

"बाजूला व्हा सर," हरिबा म्हणाला. "मेंढरं बिचकत्यात."

पण त्याला पाय चटकन उचलता आला नाही, आणि मेंढरे बिचकलीही नाहीत. मोरी त्याच्यापाशी येऊन क्षणभर डावीकडे वळली, तिच्यामागची उजवीकडे गेली, आणि कळप त्याच्या दोन्ही अंगांनी लोकर घासत, धूळ उडवत वाहत राहिला. मग तो त्याच्या पाठीमागे पुन्हा एक झाला आणि हरिबाच्या आवाजामागे नानासोच्या गोठ्याकडे निघून गेला.